दार उघडायचं कोणी?

फार पूर्वी एका राज्यात मोठा तलाव होता आणि तो सांभाळायला राजाने एक प्रधान नेमला होता. प्रधान जीव लावणारा माणूस. त्याच्या हाताखाली बांधाचा म्हातारा राखणदार, शेतांना पाणी वाटणारा पाटकरी आणि पाणी सोडायचं लाकडी दार सांभाळणारा सुतार.

एकदा पाटकरी म्हणाला, "प्रधानजी, कोणी कोणाचं ऐकायचं, एवढं ठरवून द्या."

"अरे, आपण एका घरची माणसं! वरचा-खालचा कशाला करायचा?" प्रधान हसला. खरं तर कुणाचं मन दुखवायची त्याला भीती वाटे. बारभाईची खेती, काय लागेल हाती, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार!

पावसाळ्यात प्रधान भाचीच्या बारशाला परगावी गेला आणि इकडे डोंगरात पाऊस कोसळला. पाणी बांधाच्या काठाला टेकलं. सुतार म्हणाला, "पाटकरी सांगेल तेव्हा उघडतो." पाटकरी म्हणाला, "बाबा वयाने मोठे, त्यांना विचारा." राखणदार म्हणाला, "पाण्यातलं मला काय कळतं? प्रधानजींना येऊ दे." एकमेकांचा मान राखण्यात दुपार गेली. बांधाला भेग पडली तेव्हा म्हातारा एकटाच दाराकडे धावला. बांध फुटला. बांधाखालच्या कुंभारवाड्यातली माणसं टेकडीवर पळाली म्हणून वाचली, पण घरं गेली आणि म्हाताराही गेला.

प्रधान धावत परतला, पाठोपाठ राजा आला. त्याने प्रधानाला विचारलं, "दार उघडायचं काम कोणाचं होतं? नाव सांग."

सुतार प्रधानाच्या कानाशी लागला. "बाबांचं नाव घ्या. गेलेल्याला कसली शिक्षा?"

समोर राखणदाराची म्हातारी बायको बसली होती. प्रधानाने तिच्याकडे बघितलं, कोळसा उचलला आणि तलावावरच्या चौकीच्या भिंतीवर तळाशी दार काढलं. दारापाशी सुताराचं नाव लिहिलं, त्याच्यावर हुकूम देणाऱ्या पाटकऱ्याचं, बाजूला पाटकऱ्याला खबर देणाऱ्या राखणदाराचं. रेघांनी सगळी नावं जोडली आणि सर्वांत वर स्वतःचं नाव लिहिलं.

"महाराज, हे चित्र मी आधी काढलं असतं तर बाबा आज असते. गुन्हा माझा."

राजाने त्याची प्रधानकी काढून घेतली. "आता काय करशील?"

जुन्या प्रधानाने वरचं नाव पुसलं आणि सुताराच्या नावाखाली लिहिलं.

बांध आणि घरं पुन्हा उभी राहिली. पुढच्या पावसाळ्यात पाणी चढलं, तसा पाटकरी ओरडला, "उघडा!" सुताराच्या जोडीने जुना प्रधान दाराच्या साखळीला भिडला. कोणी कोणाला काही विचारलं नाही. पाणी घोंघावत ओढ्याला लागलं आणि कुंभारवाड्यातल्या चुली त्या संध्याकाळी नेहमीसारख्या पेटल्या.

तात्पर्य: माणसं एका घरची असली तरी कोणाचं काम कोणतं, हे ठरवून द्यावंच लागतं, आणि ते ठरवणं हेच मोठ्याचं पहिलं काम.