मोहरीएवढं रडू

"म्हणजे ही खरोखर रडते?" मेहबूब फकिरांनी विचारलं.

"खरोखर, बाबा!" हर्षदाने मोबाईल त्यांच्या डोळ्यांजवळ धरला. परदेशातून एवढ्या दिवसांनी गावी आलेली दोस्ताची लेक, पण आल्या आल्या आधी स्वतःचं कौतुक! स्क्रीनवर काचेसारखी चिप होती, आणि तिच्यात माणसाच्या पेशींपासून वाढवलेली, मोहरीएवढी अश्रुग्रंथी. "औषधाचा थेंब दिला की पाझरते. डोळे कोरडे पडण्याचा रोग असतो ना, त्याचा अभ्यास हिच्यावर करतो आम्ही."

"आणि पाणी जातं कुठे?"

हर्षदा जरा अडखळली.

"जात नाही. बाहेर पडायला वाटच नाही. आतल्या आत साठतं, ग्रंथी फुगत जाते आणि... फुटते."

"अरेरे," फकीर म्हणाले. ओळखीचं कुणी आजारी असावं तसे.

फकिरांच्या मठीतली, तकियातली चिंच सळसळली. हर्षदाने मोबाईल पर्समध्ये टाकला. ज्यासाठी ती आली होती, ते आता तोंडून निघालं.

"तात्या गेल्यापासून मी एकदाही रडले नाही, बाबा. प्रयोग अर्ध्यावर होता म्हणून वडिलांच्या मातीलासुद्धा आले नाही. काल आईच्या गळ्यात पडले, तरी डोळे कोरडेच. मला रडायचंय... फार रडायचंय. तो रोग मलाच झालाय का?"

तात्या म्हणजे फकिरांचे जिवाभावाचे दोस्त. चिंचेखालच्या दगडाकडे फकिरांनी बोट दाखवलं.

"बैस."

ती बसली. तिथून एसटीचा थांबा सरळ समोर दिसत होता.

संध्याकाळची गाडी आली. एक म्हातारी उतरली. मग पिशव्या सावरत एक माणूस. मग एक तरुण मुलगी... हर्षदा नकळत मान उंचावून पाहू लागली. मुलगी दुसऱ्या रस्त्याला वळली. गाडी निघून गेली.

"इथे कोण बसायचं, बाबा?" विचारतानाच तिचा आवाज कापला.

"तात्या. रोज. गाडी गेली की म्हणायचे, आज नाही तर उद्या येईल पोरगी."

हर्षदाने ओठ घट्ट दाबून धरले. रिकाम्या थांब्यावरची तिची नजर काही केल्या हलेना. तात्यांनी एकदाच, फक्त एकदाच तिथे उतरावं असं तिला वाटत होतं.

"आता मी कुणाची वाट पाहू, बाबा?"

फकीर तिच्या शेजारी टेकले.

"वाट पाहू नकोस, बेटी. पाण्याला वाट करून दे."