रिंग फिरवायची नाही

“आणि का फिरवायची नाही, हेही विचारायचं नाही?”

उत्कर्षाने विचारलं. माळावर पवनचक्क्या संथ फिरत होत्या. त्यांच्या सावल्या गवतावरून, मोटारसायकलवरून, माणसांवरून सरकत होत्या, आणि दुपारला काही जाग येत नव्हती.

“नाही विचारायचं,” निवासअण्णा म्हणाले. दस्तगीर उस्तादांचे ते सगळ्यांत जुने शिष्य. “आम्ही कधी विचारलं नाही. आमच्या मागनं आले त्यांनी विचारलं नाही. तूच काय गं वरनं पडलीस?”

“वरून नाही, अण्णा. वळणावर पडले. आत्ताच.”

उस्ताद बाभळीखाली डोळे मिटून बसले होते. हसले की नाही, कळलं नाही.

माळावर शर्यतीची गाडी एकच. तिच्या मागच्या शॉकअपची, स्प्रिंग ताठ-सैल करणारी रिंग उस्तादांनी तरुणपणी आपल्या वजनाला आवळली होती, आणि त्या गाडीवर ते घाटातल्या शर्यती जिंकत आले होते. तेव्हापासून रिंग तशीच. ज्याचं वजन हलकं, त्याने सीटमागे वाळूची पिशवी बांधायची. वाळू बांधून मुलं शिकली, जिंकली, त्यांचे केस पिकले.

उत्कर्षा त्या सगळ्यांहून हलकी. वाळू नसली की स्प्रिंग दबायलाच तयार नसे. दगड आला की चाक उडे आणि तिलाही उडवी. वाळू बांधली की ती पिशवी वळणावर गाडीला बाहेर ओढून नेई.

उद्याच्या शर्यतीला माळावरून एकालाच जायचं होतं. बाकीच्या मुलांच्या फेऱ्या सकाळीच आटोपल्या होत्या. तिची एक फेरी उरली होती.

“उस्ताद,” ती म्हणाली, “मला उद्या जायचंय.”

“मग जा.”

“रिंग सैल करून.”

“वाळू बांध की आणखी थोडी,” निवासअण्णा मध्येच बोलले. “नाहीतर चार दिवस जेवत जा नीट. कॉलेजच्या पोरी तुम्ही, वाऱ्याने उडायला लागलाय.”

“मी जेवते, अण्णा. स्प्रिंगला दिसत नाही ते.”

उस्तादांनी डोळे उघडले.

“गाडीवर बसायचं तर माणसाने गाडीजोगं व्हावं, बेटा.”

“गाडीने माणसाजोगं का होऊ नये?”

उस्तादांनी गाडीकडे पाहिलं.

“उस्ताद, तुम्ही बसा बघू हिच्यावर.”

“ए!” निवासअण्णा उठूनच उभे राहिले. “कुणाला सांगायलीस? काय जीभ हाय का काय!”

उस्तादांनी हात वर केला. अण्णा थांबले.

ते सावकाश आले. आजारपणानंतर त्यांचा सदरा त्यांच्या अंगावर नव्हताच, अंगाभोवती कुठेतरी होता. किती वर्षं ते या सीटवर बसले नव्हते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पूर्वी ते बसले की गाडी मागून हळूच खाली झुके. म्हणे, सलाम करते. ही गोष्ट माळावर सगळ्यांना ठाऊक होती.

उत्कर्षाने हँडल धरून गाडी सरळ उभी केली.

उस्ताद बसले.

गाडी हलली नाही.

एका पात्याची सावली तिघांवरून गेली. मग दुसऱ्याची...

“स्प्रिंग गंजली असंल,” निवासअण्णा पुटपुटले.

“तेल मीच घातलंय तिला,” उस्ताद म्हणाले. “निवास, खोटं बोल. पण माझ्या गाडीला नावं ठेवून नको.”

त्यांनी सीटवर बसूनच अंग थोडं दाबून पाहिलं. झोपेत कूस बदलावी तसं.

“ही कुणासाठी लावलीय?” त्यांनी विचारलं.

“तुमच्यासाठी.”

“आणि मी कुठाय?”

“ते मला माहीत नाही, उस्ताद. मी इथे आहे.”

ते उतरले. हत्यारांच्या पेटीतून रिंगेचा वाकडा पाना काढून त्यांनी तिच्या हातात ठेवला. निवासअण्णांनी तोंड फिरवलं.

ती गुडघ्यांवर बसली. रिंग आधी अडली. मग एक खाच सुटली, मग पुढची... लांब श्वास सोडल्यासारखा आवाज आला. ती बसली तेव्हा गाडी मागून किंचित खाली गेली. फार नाही. कुणी मान हलवून हो म्हणावं, तेवढीच.

मग ती निघाली. खडी, ओघळ, पुन्हा खडी. खालची जमीन पाण्यासारखी वाहत होती आणि ती तिच्यावर कुठेतरी तरंगत होती. वळण आलं, आणि ते वळण होतं हे तिला पलीकडे गेल्यावर कळलं.

परतली तेव्हा उस्तादांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी सगळी फेरी कानांनी पाहिली होती.

“चाकाचा आवाज कुठे तुटला नाही,” ते म्हणाले. “उद्या तू जा.”

ती गाडीवरून उतरली.

“शर्यत झाली की रिंग पहिल्या जागी ने. आणि बाकीच्या पोरांना यातलं काही सांगू नको.”

“बरोबर हाय,” निवासअण्णा म्हणाले. त्यांच्या जिवात जीव आला होता. “नियम ऱ्हायला पायजे.”

उत्कर्षाने हेल्मेट काढलं.

“मी सांगणार. सगळ्यांना. ज्याने त्याने आपल्या वजनाची लावावी.”

“मग उद्या जायचं न्हाईस तू!”

“नका पाठवू.”

“पोरी, रिंग मागं फिरवावी तर लागंलच.”

तिने पाना पुढे केला. आधी अण्णांसमोर. मग उस्तादांसमोर.

“तुम्ही फिरवा. मी नाही फिरवणार.”

अण्णांनी उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी पान्याकडे.

कुणाचाच हात पुढे आला नाही.