उदग्रध्वजाने आखूड केलेला दोर

त्रेतायुगाचा प्रथम चरण नुकताच सरला होता, धर्म एका पायाने लंगडू लागला होता आणि माणसे शेताच्या बांधावरून, बापाच्या वारशावरून भांडायला शिकली होती. त्या काळी शतोदा नदीच्या तीरावर, उत्तुंग गोपुरांनी शोभणाऱ्या वैदूर्यवती नगरीत उदग्रध्वज नावाचा महापराक्रमी राजा राज्य करीत असे. पैलतीरावर, जेथे हरिणे यज्ञवेदीजवळ निर्भयपणे रवंथ करीत बसत, अशा औदुंबरांच्या गर्द छायेत सत्यनिष्ठ, जितक्रोध ऋतव्रत ऋषींचा आश्रम होता. ब्रह्मदेवाने तेथे एक व्यवस्था लावून दिली होती. दर वसंतात राजसभेने दर्भाचा दोर वळावा, एकेका प्रकारच्या वादाला एकेक हात. तो ऋषींच्या आसनाभोवती वर्तुळाकार मांडावा आणि त्या वर्तुळात उभा राहून जो गाऱ्हाणे सांगेल त्याचा निवाडा ऋषींनी करावा. निवाडा राजालाही बांधील. दोराची लांबी ठरवणे मात्र सर्वस्वी सभेच्या हाती, आणि वाद उपजला त्या दिवशी दोर जेवढा असेल तेवढाच त्या वादाला लागू.

आता उदग्रध्वजाला काय कमी होते? पण मत्सराचे पोट कधी भरले आहे! दिग्विजय करून तो परतला तेव्हा लोकांनी फुले उधळली, जयघोष केला. त्याच दिवशी आश्रमातून निवाडा घेऊन आलेली एक वृद्ध कुंभारीण मात्र राजाच्या रथाकडे न बघता ऋषींचे नाव घेत आनंदाने रडत निघून गेली. राजाला अन्न गोड लागेना.

"ह्यांच्यासाठी छातीवर बाण झेलले ते मी," तो धाकट्या भावाला, सौम्यध्वजाला, म्हणाला, "आणि अश्रू ढाळतात त्या वल्कलधाऱ्यासाठी!"

"दादा, ऋषींनी तुमचे काय नेले?" सौम्यध्वज हसला. "त्यांचा न्याय तुमच्याच राज्यात होतो ना?"

भाऊ लोकांचा लाडका होता. राजाला त्याचे हसणेही सलले.

पुढच्या वसंतात सभेने बांधांचे वाद काढून घेतले, दोर हातभर आखूड झाला. त्यानंतर वारशाचे गेले, मग चोरीचे. सभासदांनी माना डोलावल्या, कारण राजा डोलावत होता. सारे वाद आता सिंहासनापुढे येऊ लागले आणि उदग्रध्वज कृतज्ञतेच्या अश्रूंची वाट पाहत बसला. अश्रू आले, पण हरलेल्यांचे, आणि सोबत शिव्याशाप. निवाडा झाल्यावर ऋतव्रत स्वतः हरणाऱ्याच्या घरी जात, जमिनीवर बसत, त्याच्या हातची पेज पीत आणि त्याचा सगळा राग ऐकून घेत, हे राजाला ठाऊकच नव्हते. लोक तर अजूनही आश्रमात जात होते, निवाडा नको, नुसते ऋषींजवळ बसायला! तेव्हा मत्सराने आंधळा झालेला राजा भर सभेत गरजला, "हत्येचे वाद दोरातून काढा! राजाविरुद्धचे वादही काढा!"

सौम्यध्वज एकटा उठला. "दादा, हे करू नका. उद्या तुम्हालाच न्याय लागला तर?"

"तुझे तोंड मला पुन्हा दिसू नये!"

अवघ्या सभेने ते ऐकले. दोर इतका आखूड झाला, की त्यात ऋषींचे आसन तेवढे मावू लागले.

आठच दिवसांनी, भावाच्या वतीने ऋषींची क्षमा मागण्यासाठी सौम्यध्वजाने महापुरात नाव घातली. कळताच राजा त्याला अडवायला एकटाच नदीवर धावला. नाव उलटली. राजाने उडी घेतली, भावाचा हात हाती आला, आणि सुटला.

नगरीत दुसरे काही बोललेच जाईना: राजाने भावाला बुडवला. राजाने दवंडी पिटवली, 'आम्ही निर्दोष आहोत.' लोक वाकून म्हणत, "होय महाराज," आणि डोळे वर करीत नसत. सौम्यध्वजाची पत्नी चारुदती तेवढी स्पष्ट बोलली.

"भावोजी, ऋषींनी तुम्हाला निर्दोष ठरवले तर मी तुमच्या पाया पडेन. तुमचे स्वतःचे बोलणे मी कसे मानू?"

उदग्रध्वज अनवाणी आश्रमात गेला. दोराच्या आत पाऊल ठेवायला त्याला जागाच सापडेना.

"भगवन्, मी त्याला वाचवायला गेलो होतो! उद्याच दोर वाढवतो!"

"हा वाद आजच्या दोराचा आहे, राजन्," ऋतव्रत म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते. "तू निर्दोष आहेस असे मला वाटते. पण चारुदतीला येथे उभे राहून मला प्रश्न विचारता येत नाही, साक्षी आणता येत नाहीत. नुसते माझे वाटणे म्हणजे न्याय नव्हे."

राजाने बारा वर्षे घोर तप केले. ब्रह्मदेव प्रकट झाले. "देवा, दोर आखूड करण्याची शक्तीच सभांकडून काढून घ्या!" त्याने टाहो फोडला.

"ती राहील," ब्रह्मदेव म्हणाले. "कोणता वाद कुठे जावा, हे सभेलाही पारखावे लागते. पण यापुढे जेवढ्या वर्तुळात दोर वळणाऱ्याला स्वतःला, आणि त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्याला, शेजारी शेजारी उभे राहता येईल, त्याहून तो आखूड होणार नाही. झालाच, तर हातातच तुटेल."

"आणि माझा वाद?"

"तो ह्या वराच्या आधीचा आहे, बाळा."

राजा परतला. चारुदती दारात उभी होती, केस पांढरे झालेले.

"निवाडा आणलात?"

त्याने नकारार्थी मान हलवली. तिने दार लोटून घेतले.

त्या वरामुळे पुढे कित्येक राजे वर्तुळात उभे राहिले. कोणी दोषी ठरले, कोणी सुटून हसत घरी गेले. उदग्रध्वजाने भावाला मारले नाही, हे मी ठणकावून सांगतो, पण कथेकऱ्याच्या शब्दाला निवाड्याचे वजन कुठले? शतोदेच्या काठी आजही त्याचे नाव भाऊ बुडवणारा राजा म्हणूनच घेतात.