हैबतीचे दोन काटे

एका डोंगराखालच्या गावात हैबती नावाचा एक भोळा पाणीवाला होता. पंचायतीच्या टाकीचे व्हॉल्व्ह सोडायचे आणि बंद करायचे, एवढंच त्याचं काम. सांगितलेलं तो मनापासून करायचा, आणि गावाला भीती होती ती त्याचीच.

एकदा त्याचे सासरे दाजीबा यांच्या छातीत चढ चढताना दुखू लागलं. हैबतीला वेडा न म्हणणारा गावात तेवढा एकच माणूस. हैबतीच्या तोंडचं पाणी पळालं. तालुक्याच्या दवाखान्यात फोटो काढला, तर हृदयाच्या तीन नळ्या अरुंद दिसल्या. तरुण डॉक्टर दाजीबांकडे न बघताच म्हणाले, "तिन्हींत स्प्रिंगा घालून टाकू."

मोठ्या डॉक्टरबाईंनी त्यांना थांबवलं. "अरुंद दिसलं म्हणून लगेच हात लावायचा नसतो. बारीक तार घालून अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजू. पलीकडे पुरेसं पोहोचत असेल तर हात लावायचा नाही, गोळ्यांवर भागतं. सोमवारी या."

हैबतीला हे फार पटलं. वाटभर तो पाठ करत आला.

घरी येऊन बघतो तर म्हशीची मान गोठ्याच्या खिडकीत अडकलेली. हैबतीनं अलीकडे पाहिलं, शेपूट हलत होतं. वळसा घालून पलीकडे पाहिलं, तोंडात कडबा होता. मग तो निवांत तंबाखू मळत बसला.

बायको सुगंधा धावत आली. "अवो, म्हस अडकलीया, आन तुमी बसलाय?"

"पलीकडं पुरेसं पोचतंय. हात लावायचा न्हाई."

सुगंधानं कपाळावर हात मारला. "अडलेलं दिसलं की आदी मोकळं करायचं. मोजत बसायचं न्हाई." खिडकीची चौकट काढली तेव्हा म्हैस सुटली. दूध मात्र तिनं त्या दिवशी दिलं नाही.

हैबतीनं हेही पाठ केलं. सकाळी तो टाकीवर गेला. खालच्या आळीचा व्हॉल्व्ह बारा वर्षं अर्धाच उघडा असायचा, कारण उतारावर पाणी अंगावर येतं. पण आज हैबतीला ते अडलेलं दिसलं. त्यानं व्हॉल्व्ह पार मोकळा केला. खाली सरपंचबाईंच्या अंगणातला नळ उडाला आणि वाळत घातलेल्या पापडांचं पुन्हा पीठ झालं.

सरपंचबाई ओल्या लुगड्यानिशी टाकीवर आल्या. "हैबती, वॉलच्या दोन्ही अंगांला दाबाचं काटं बसवल्यात, ते काय शोभेला? हात लावायच्या आदी दोन्ही काटं मोठ्या माणसाला दाखवायचं."

"दाखवतो, बाई."

सोमवारी दाजीबांना आत न्यायची वेळ आली. म्हातारा हैबतीचा हात सोडेना. "जावाई, तीन घालत्याल का रं?"

"मामा, मी हाय न्हवं," हैबती म्हणाला. खरं तर हे ऐकून म्हाताऱ्यानं जास्तच घाबरायला हवं होतं, पण त्याला धीर आला.

तासाभरानं डॉक्टरबाई बाहेर आल्या. "दोन नळ्यांत पलीकडे पुरेसा दाब आहे, त्यांना हात लावत नाही. तिसरीत फार कमी पडतोय. तिथे एक स्प्रिंग घालायलाच हवी. सही करा."

तरुण डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत उभे होते.

हैबतीनं पेन घेतलं नाही. "हात लावायच्या आदी दोन्ही काटं बघा." त्यानं पिशवीतून दोन पितळी मीटरं काढून टेबलावर ठेवली.

"हे कुठले?"

"आमच्या लायनीचं. पाणी बंद व्हतं तवाच खोलून आणलं."

डॉक्टरबाईंनी पाहिलं. दोन्ही काटे शून्यावर होते. "बघितले. आता सही करा."

हैबतीनं समाधानानं सही केली. दाजीबा एका स्प्रिंगेवर हसत बाहेर आले, तेव्हा हैबतीला रडूच फुटलं. तेवढ्यात फोन वाजला. सरपंचबाई होत्या.

"हैबती, काटं कुठं हाईत? सुगंधानं तुज्या जागी पाणी सोडलं, आन दोन भोकांतनं कारंजी उडाल्यात. खालच्या आळीत गुडघाभर पाणी झालंय. आता काय करू?"

हैबतीनं डोळे पुसले. "पाणी घराघरांत पोचतंय का?"

"चुलीपातुर पोचलंय, मुडद्या."

"मग पुरेसा दाब हाय," हैबती म्हणाला. "कुणी हात लावायचा न्हाई."