बिनभिंतीचं दार

फार पूर्वी, तगर नगरात विजितसेन राजाचं राज्य होतं त्या काळी, बोधिसत्त्व तिथल्या एका कुंभाराच्या घरी जन्माला आले. मातीपेक्षा माणसाच्या नाडीवर त्यांचा हात अधिक बसला. वैद्यक शिकून ते वेशीजवळच्या रुग्णशाळेचे मुख्य वैद्य झाले. लोक त्यांना भद्रक वैद्य म्हणत.

ही रुग्णशाळा कोणालाही परत पाठवीत नसे. एवढं तिला कसं जमत होतं, ते आधी ऐका. राजाच्या आजोबांनी एक नियम शिळेवर कोरून ठेवला होता. जे व्यापारी औषधांचे तांडे आणतील त्यांना राज्यात जकात माफ, वर वाटेत राजाचा पहारा. त्याच्या बदल्यात त्यांनी 'रुग्णशाळेच्या दारात' औषध अर्ध्या भावानं द्यायचं. मग रुग्णशाळेत सुखवस्तू माणूस आला की तो बाजारचा पुरता भाव देई. वर जे उरे त्यातून पेज शिजे, जखमेच्या पट्ट्या येत, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला औषध फुकट मिळे.

एका वर्षी नदीपलीकडच्या बुरूडवाडीत हिवताप शिरला. चाळीस झोपड्यांत उठून बसेल असं माणूस शोधावं लागे. काली नावाची बुरूडीण तेवढी पायावर उभी होती. तिची एकुलती लेक खेमी तापानं फणफणत होती. आजाऱ्यांना नदी ओलांडून दारापर्यंत आणणं शक्य नव्हतं. म्हणून भद्रकांनी काडेचिराईताची पोती कालीच्या झोपडीत ठेवली, काढा करायला शिकवलं आणि सांगितलं, "काली, सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला एक वाटी. सात दिवस खंड पडता कामा नये."

तीन दिवस झाले आणि श्रेष्ठी कालक रुग्णशाळेत आला. सगळ्या औषध-व्यापाऱ्यांचा हा मुख्य. आल्या आल्या हसला.

"वैद्यराज, नियम वाचलाय ना? रुग्णशाळेच्या दारात. त्या बुरडिणीची झोपडी म्हणजे काय तुमचं दार? आजपासून नदीपलीकडे जाईल त्या मालाला पुरता भाव."

"पुरत्या भावानं चाळीस घरांना सात दिवस पुरवणं मला जमायचं नाही, शेठजी."

"म्हणूनच एक सुचवतो." कालकानं आवाज खाली आणला. "नगरापुरतं तुम्हाला पाव भावात देतो. अर्ध्याऐवजी पाव! नवी ओवरी बांधा, चार वैद्य ठेवा. फक्त नदी ओलांडायची नाही. आज बुरूडवाडी, उद्या धनगरवाडी, परवा सगळा मुलूख. आम्ही खायचं काय?"

भद्रक म्हणाले, "जकात माफी तुम्ही सगळ्या मुलखात घेता, शेठजी. पहारा सगळ्या वाटांवर घेता. आणि परत द्यायची वेळ आली की तुमचा मुलूख एका उंबऱ्याएवढा होतो? तुमचा पाव भाव मला नको."

ते तसेच राजाकडे गेले. राजा वाईट नव्हता, पण व्यापाऱ्यांना बिचकून असे.

"भद्रका, शब्द आजोबांचा आहे," तो म्हणाला. "मी अक्षर बदलणार नाही. दारात म्हणजे दारात."

"अक्षर बदलू नका, महाराज. एवढंच सांगा, शिळेवर भिंतीचा उल्लेख आहे?"

"नाही."

"ओवरीचा? वेशीचा? नदीच्या अलीकडचा-पलीकडचा?"

"नाही, बाबा. नुसतं दार."

"ठीक आहे," म्हणून भद्रक परतले. वाटेत त्यांनी सुताराला सोबत घेतलं आणि दोन घटकांत रुग्णशाळेचं सागवानी दार चौकटीसकट भिंतीतून उपटून काढलं.

पेज शिजवणारी शामा पळी हातात घेऊन बाहेर आली. "अगं बाई! वैद्यबुवा, आता आत कुत्री शिरतील की!"

"शिरू दे. आजारी असतील तर त्यांनाही बघू."

बरे झालेले सहा जण पुढे आले. त्यांनी दार खांद्यावर घेतलं, तराफ्यावर चढवलं आणि बुरूडवाडीत कालीच्या झोपडीपुढे रोवून उभं केलं. मागे भिंत नाही, वर छप्पर नाही. भद्रकांनी कालकाला निरोप धाडला, "रुग्णशाळेच्या दारात माल आणावा."

खेमीच्या काढ्याचा हा चौथा दिवस. पोत्यात दोनच वेळचा काढा उरला होता.

कालक आला तो राजाला घेऊनच आला. "बघा, महाराज! तुमच्या आजोबांचं दार या माणसानं मोडून आणलं. हा राजद्रोह आहे. आणि भिंतीशिवाय कधी दार असतं का?"

"असतं की, शेठजी," काली म्हणाली. "तुमच्यापुढं उभंय. या ना आत. कडी तेवढी वाजवा."

कालकाला राग आला. तो दाराला वळसा घालून तरातरा पलीकडे गेला.

"आत्ता बया! बाजूनं आलात? बाजूनं चोर येतात, शेठजी."

तापानं फणफणणारी माणसंसुद्धा चटयांवर पडल्या पडल्या हसली. कालक तांबडा झाला. "असं असेल तर मी या राज्यात औषधच आणत नाही!"

भद्रक शांतपणे म्हणाले, "नका आणू. उद्यापासून जकात भरा, जंगलात पहारेकरी स्वतःचे ठेवा. तांडा घेऊन येणारे दुसरेही आहेत. आणि महाराज, मी दार मोडलेलं नाही. कडी आहे, खीळ आहे, चौकटीवर तुमच्या आजोबांची मुद्रा आहे. राजद्रोह वाटत असेल तर मला बांधा. मात्र याच दाराला बांधा, म्हणजे माझं काम अडणार नाही."

आता राजा काय करतो याकडे सगळ्यांचे डोळे लागले. दार ठेंगणं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना हवा तेवढा मोकळा माळ होता.

विजितसेन पुढे झाला. त्यानं मुकुट काढून हातात घेतला, कडी वाजवली, आणि वाकून दारातून आत गेला. आत म्हणजे त्याच माळावर, खेमीच्या चटईशेजारी. पोरीनं डोळे उघडून विचारलं, "तुम्हालापण ताप आलाय?"

"होता, बाळ," राजा म्हणाला. "आत्ताच उतरला." मग तो कालकाकडे वळला. "शेठजी, मी रुग्णशाळेत उभा आहे. माल उतरवा."

माल उतरला, अर्ध्या भावानं. खेमीचा काढा चुकला नाही. सातव्या दिवशी तिनं भाकरी मागितली.

राजानं नंतर भद्रकांना विचारलं, "आता दार परत न्यायचं ना?"

"नाही, महाराज. धनगरवाडीला खोकल्याची साथ आहे."

तेव्हापासून नगरातल्या रुग्णशाळेला दार कधीच बसलं नाही, आणि दार जिथं जाई तिथं रुग्णशाळा होई.

पुढे बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा जेतवन विहारात सांगितली. एका भिक्षूनं तुपाचा गडवा राखून ठेवला होता आणि कुंपणाबाहेर झाडाखाली पडलेल्या आजाऱ्याला दिला नव्हता, 'नियमात विहारातला आजारी म्हटलंय' म्हणून. कथा ऐकता ऐकता तो भिक्षू उठला आणि गडवा घेऊन कुंपणाबाहेर गेला. तो गेल्यावर शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा श्रेष्ठी कालक म्हणजे आत्ता उठून गेला तो. राजा विजितसेन तो आनंद, काली ती आजाऱ्यांची सेवा करणारी उपासिका सुप्रिया, आणि भद्रक वैद्य तो मीच होतो." इथे पूर्णत्वाला नेलेला गुण, म्हणजे पारमिता, करुणेची आहे, पण पाय रोवून उभ्या राहणाऱ्या करुणेची.