नाकारलेल्यांची यादी

"म्हणजे मुलाला लिहिलेली ही सगळी पत्रं पोचली म्हणतोस?"

"एकेचाळीसच्या एकेचाळीस," निकुंभ सर म्हणाले आणि त्यांनी छापून आणलेला कागद पुढे धरला. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द होता. स्वीकारलं.

पांझरा नदीकाठच्या मठात चंद्राक्का ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या. सर तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले. दर गुरुवारी मठात यायचे, म्हणजे अक्कांचे शिष्यच म्हणायचे. पण शिकण्यापेक्षा शिकवायची हौस दांडगी.

"कागद कसला हा?"

"माझ्या ईमेल सर्व्हरची नोंद. लोक आपली पत्रं कुठल्यातरी कंपनीच्या हवाली करतात. मी माझं टपाल घरातून चालवतो. कपाटावर यंत्र, खाली इन्व्हर्टर, घरचंच इंटरनेट. आधी माझी पत्रं कुणी घेईना. घरगुती जोडणीवरून आलं म्हणजे लबाडाचंच असणार, असा सगळ्यांचा समज. दोन वर्षं झगडलो, अक्का. पण कुणापुढे मान तुकवली नाही."

"आणि मुलगा?"



"भांडून परदेशी गेला. फोन नंबरही बदलला. तीन वर्षं लिहितोय त्याला. एक ओळ आली नाही... घरात त्या यंत्राचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकतो. त्याच्याकडे बघत बसतो. फार एकटं वाटतं, अक्का."

एवढं सरळ वाक्य सर आजवर कधी बोलले नव्हते.

अक्कांनी कागद उलटला. "आणि ही मागची?"

"ती मला आलेली, पण नाकारलेली पत्रं. कागद वाया जायला नको म्हणून पाठपोट छापलं. कचरा आहे तो."

"नाकारतं कोण?"

"मीच. म्हणजे माझा नियम. साधा मजकूर असेल तरच पत्र आत घ्यायचं. रंगीत अक्षरं, चित्रं, सजावट आली की ती जाहिरात. परत पाठवायची."

"वाचून?"

"जाहिरात वाचायची कशाला?"

"माझं इंग्रजी बेताचं. ही ओळ वाचून सांग बरं."

सर वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मुलाचा पत्ता होता. खाली आणखी दोनदा होता. शेवटचा गेल्या दिवाळीतला.

"फोनवरून लिहिलं असणार," ते पुटपुटले. "फोन आपोआपच सजावट घालतो. माझ्या लक्षातच आलं नाही..."

"परत पाठवताना त्याला काही सांगतं का तुझं यंत्र?"

"एक वाक्य जातं. मीच घातलंय."

"काय?"

सर टोपलीतली एक शेंग उचलून सोलू लागले.

"काय, दिवाकर?"

"पत्र नीट लिहिता येत असेल तरच पाठवावे."

अक्कांचा हात शेंगेवर थांबला. खाली नदीवर कुणीतरी गोधड्या धूत होतं, तेवढाच आवाज येत राहिला.

सर घाईघाईने उठले. "मी आत्ताच जातो. नियम काढून टाकतो आणि त्याला सगळं लिहितो."

"आधी त्याचं वाच."

"कुठून वाचू? नाकारलेलं पत्र राहत नाही, अक्का. फक्त नाव राहतं आणि तारीख."

"मग तेवढंच वाच."

"त्यात वाचण्यासारखं काय आहे?"

अक्कांनी कागद सरांच्या हातात दिला.

सर खाली बसले. वर्गात हजेरी घ्यावी तसं त्यांनी वाचलं. "कौस्तुभ निकुंभ."

"पुन्हा."

"कौस्तुभ..." आडनावापर्यंत आवाज पोचला नाही.

अक्कांनी वालाची टोपली बाजूला सारली.

"आता हाक मारल्यासारखं वाच."