सव्विसाव्या दिवसाची पंगत

“मांस कधीपासून खायला लागलास?”

आबाबुवांनी हे भर पंगतीत विचारलं. ज्याला विचारलं तो केरबा, त्यांच्या मठातला थोरला शिष्य. गळ्यात माळ, आणि चाळीस दिवस नुसत्या पाण्यावर राहण्याचं व्रत घेतलेला. आज सव्विसावा दिवस होता. तो वाढणाऱ्यांवर नजर ठेवून उभा होता.

“मी? महाराज, मी अन्नाचा कण घेतलेला नाही!”

“अन्नाचं कोण विचारतंय? मांसाचं विचारतोय.”



गावानं केरबाला डोक्यावर घेतलं होतं. त्याच्या तोंडाला पिकल्या फळासारखा गोडसर वास यायला लागल्यापासून तर लोक पाया पडायला रांग लावत होते. देवाचा सुगंध म्हणे! दुसऱ्याचा उपास बघायला माणसांना कोण आनंद होतो. याला धरून चार घास भरवावेत, हे एकालाही सुचलं नाही.

केरबालाही ते चढलं होतं. मघाशीच त्यानं बिरू धनगराला पानावरून उठवलं होतं. मठाला रोज दूध घालणारा बिरू काल जत्रेत मटण जेवला, एवढाच त्याचा गुन्हा. बिचारा मुकाट्यानं दाराबाहेर जाऊन उकिडवा बसला होता.

“त्याला उठवलंस कशासाठी?” बुवांचा आवाज चढला.

“त्याच्या पोटात मांस आहे. ही पंगत पवित्र आहे.”

“ऱ्हाऊ द्या म्हाराज,” बाहेरून बिरू म्हणाला. “म्या हितंच बरा हाय.”

“तू गप रे!”

बुवा पानावरून उठले. भगवी वस्त्रं घेण्याआधी वीस वर्षं ते सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. उपासमारीनं वाळलेली माणसं त्यांनी आपल्या हातांनी खाटेवर ठेवली होती. ते केरबापाशी आले आणि त्यांनी त्याचा दंड पंजात धरला. अंगठा आणि बोट एकमेकांना टेकले.

“इथलं मांस कुठं गेलं?”

केरबानं दंड सोडवून घ्यायला झटका दिला.

“कुणी खाल्लं? सांग की!”

“तपानं देह झिजतो, महाराज.”

“झिजत नाही. खाल्ला जातो!” बुवा कडाडले. “भाकरीची साखर यकृतात साठवलेली असते. ती दीड दिवसात संपली. मग चरबी जळायला लागली. तुझ्या तोंडाला येतो तो वास तिचा आहे, देवाचा नाही. पण मेंदूला साखर हवीच, आणि चरबीतून ती पुरेशी निघत नाही. मग अंग मांस मोडून साखर करतं. मांसाचं कोठार नसतं, केरबा. आहे तेवढं सगळं कामावर असतं. तू ते कामावरचं खातोयस.”

केरबाला लाज वाटली नाही. त्याला संताप आला.

“चौदाच दिवस उरलेत! यासाठी घरदार सोडलं मी. लोक माझ्या पाया पडतात, तुमच्या नाही. हे तुमचं खरं दुखणं!”

पंगतीत कुणीतरी ‘अरे, अरे’ केलं.

बुवांनी त्याच्या छातीवर तळहात ठेवला. बराच वेळ तसाच...

“हे काय आहे?”

“हृदय.”

“कशाचं?”

 ठोके मधेच चुकतात हे केरबाला ठाऊक होतं. तीन दिवस मठाच्या पायऱ्या चढताना डोळ्यांपुढं अंधारी येत होती, आणि हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

“...मांसाचं,” तो म्हणाला.

 तो खाली बसला. भीती वाटली त्याला, मरणाची भीती.

बुवांनी स्वतः पेजेची वाटी आणली.

“दोन पळ्या. जास्त नाही. एकदम खाल्लंस तर त्यानंही मरशील.”

केरबानं वाटी हातात घेतली. मग त्याचं लक्ष दाराकडं गेलं. बुवा बिरूला दंडाला धरून आत आणत होते, त्याच्याच शेजारच्या पाटाकडं.

“महाराज,” केरबा पुटपुटला, “व्रत सोडतो. पण मांस खाणाऱ्याच्या शेजारी...”

बुवा थांबले. 

“बिरूबा, हा माणसाचं मांस खातो. शेजारी बसशील का?”